धागा कोणत्या थरातून जाणार, हे आधी विचारा

पत्र : नमस्कार डॉक्टर. मी ५४ वर्षांची, नाशिकला राहते. मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे, म्हणजे हातात सात आठवडे आहेत. साखर निघाल्यावर दोन वर्षांत मी १४ किलो वजन उतरवलं. तब्येत सुधारली, पण गाल ओघळले आणि जबड्याची रेघ हरवली. घराजवळच्या ब्युटी सेंटरमध्ये थ्रेड लिफ्ट, म्हणजे कातडीखाली धागे घालून गाल वर ओढणं, सुचवलंय. चीर नाही, टाके नाहीत, तासाभरात घरी. दोन्ही गाल आणि मान मिळून १६ धागे घालणार आहेत. 'धागा नुसता कातडीखालून जातो, तिथे काही नसतंच,' असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. ५,००० रुपये ॲडव्हान्स भरलाय. गेल्या वर्षी माझ्या नणंदेनं दुसरीकडे हेच करून घेतलं, तर तिची उजवी भुवई दोन महिने वर जात नव्हती. तीन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ती दहा दिवस आधी बंद करा, असं सेंटरमध्ये सांगितलंय. करून घेऊ का? आणि कातडीखाली खरंच काही नसतं का? — एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी गोळीचं बोलते. ती बंद करू नका. अजून केली नसेल तर उत्तम. केली असेल तर हे वाचून झाल्यावर तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. अँजिओप्लास्टीत बसवलेल्या स्टेंटमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीतल्या जाळीच्या नळीत, गुठळी होऊ नये म्हणून ती गोळी असते. ती थांबवायची की नाही, किती दिवस, हे ज्यांनी सुरू केली त्यांनीच ठरवायचं. चेहऱ्यावर चार दिवस काळंनिळं दिसू नये म्हणून हृदयाची गोळी बंद करायला सांगणाऱ्या माणसानं तुमचा चेहरा हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं सगळं उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं मात्र करा.

आता 'तिथे काही नसतंच' या वाक्याकडे येते. मी प्लास्टिक सर्जन आहे आणि गेली बरीच वर्षं तरुण डॉक्टरांना चेहऱ्याची शरीररचना शिकवते. देहदान केलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर आम्ही ती शिकतो. एका कार्यशाळेत मी विद्यार्थ्यांना आधी धागे घालायला लावले, अगदी रुग्णाला घालतात तसे, आणि मग कातडी उचलून धागा कुठून गेलाय ते बघायला सांगितलं. एका बाजूला चार धागे होते. घालणारा मुलगा हुशार, हात हलका. चारही धागे चरबीतच आहेत अशी त्याची खात्री होती. तीन होते. चौथा कानाच्या पुढे दोन बोटांवर खाली घसरला होता आणि सरळ लाळग्रंथीत शिरला होता. वरून बघताना, हाताला लागताना, चारही सारखेच वाटले होते. तो मुलगा बराच वेळ त्या धाग्याकडे बघत उभा राहिला. नंतर त्यानं मला एकच विचारलं, 'मॅडम, किती खाली गेला?' आम्ही पट्टी लावून मोजलं. अंतर तीन मिलिमीटरसुद्धा नव्हतं.

म्हणून थर समजून घ्या. वरची कातडी. तिच्याखाली पिवळी चरबी, मक्याच्या कणसासारखी दाणेदार, बारीक पडद्यांनी बांधलेली. त्याखाली एक पातळ पण चिवट पापुद्रा. त्याला आम्ही 'स्मास' म्हणतो. मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच सर्जननी १९७६मध्ये त्याचं नीट वर्णन केलं आणि चेहरा वर ओढण्याच्या शस्त्रक्रिया त्यानंतर बदलल्या. हाच पापुद्रा वर कानशिलात जातो, खाली मानेच्या चपट्या स्नायूत मिसळतो. गालावर चेहऱ्याच्या हालचालीच्या नसा याच्या खालून धावतात. म्हणजे धागा चरबीत, पापुद्र्याच्या वर राहिला तर नसा त्याच्या खाली सुखरूप. पापुद्रा भेदून खाली गेला की तो नसांच्या, लाळग्रंथीच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मुलखात गेला. आणि फार वर, थेट कातडीच्या पोटातच राहिला, तर तो बाहेरून दिसतो, टोचतो, जागोजागी खळ्या पाडतो. थ्रेड लिफ्टची सुरक्षितता या मधल्या थरात राहण्यावर आहे, आणि धागा घालणारी सुई किंवा कॅन्युला (पोकळ नळी) स्वतःच साधारण एक मिलिमीटर जाड असते.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही १४ किलो उतरवलेत, ते छानच केलंत. पण वजन उतरतं तेव्हा गालातली ही चरबीची गादीही पातळ होते. धाग्याला सुरक्षित चालायला जी जागा हवी, तीच तुमच्याकडे कमी उरली आहे. जाड गालाच्या बाईला जी चूक पचून जाते, ती तुम्हाला पचेलच असं नाही. सेंटरमध्ये तुमच्या गालाला चिमूट घेऊन कोणी बघितलं का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

थोडं थांबून एक सांगते. मराठीत आपण 'नस' हा शब्द तीन गोष्टींना वापरतो : मेंदूकडून हुकूम आणणाऱ्या मज्जातंतूला, धडधडणाऱ्या रोहिणीला आणि हातावर दिसणाऱ्या निळ्या शिरेला. 'नसेला लागलं' असं कोणी म्हणालं की कशाला लागलं ते कळतच नाही. रोहिणीला लागलं तर तासाभरात गाल टम्म फुगतो. मज्जातंतूला लागलं तर सूज नसते, दुखतही नाही, नुसतं हसू वाकडं होतं. पुढे मी नस म्हणेन तेव्हा मज्जातंतू समजा.

आता आरशासमोर बसा. हे वाचता वाचता करता येईल.

कानाच्या भोकासमोर कूर्चेचं एक छोटं टोक असतं. त्याच्या लगेच पुढे बोटाचं पेर हलकेच ठेवा. ठोके लागतील. ही कानशिलाची वरवरची रोहिणी. ती इथून वर जाते आणि केसांत शिरता शिरता तिला फाटे फुटतात. गालाला वर ओढणारे बहुतेक धागे याच कानशिलातून, केसांच्या रेषेच्या आतून घालतात, म्हणजे शिरायचं दार नेमकं या रोहिणीच्या शेजारी. सुई टोचण्याआधी चांगला डॉक्टर हे ठोके बोटानं शोधतो आणि पेननं त्यांची रेघ काढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना इथे टोचलं गेलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

आता कानाच्या त्या टोकाच्या अर्धा सेंटिमीटर खाली एक खूण धरा. दुसरी खूण भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंटिमीटर वर. दोन्ही जोडणारी तिरकी रेघ मनात काढा. ब्राझीलचे सर्जन इव्हो पितांगी यांनी १९६६मध्ये ही रेघ सांगितली. भुवई वर उचलणारी नस साधारण याच वाटेनं जाते. गालात खोल असलेली ही नस गालाच्या हाडाच्या कमानीवर येते तेव्हा अगदी वर येते, त्या पापुद्र्याच्या अंगालाच चिकटून चालते. हाड खाली, कातडी वर, आणि मधल्या काही मिलिमीटरांत चरबी, पापुद्रा, नस सगळं दाटीवाटीनं. दातांत धरून तोडतो त्या शिवणाच्या दोऱ्यासारखी बारीक असते ती. मी ती कितीदा पाहिली आहे, तरी प्रत्येक वेळी इतक्या बारीक तंतूवर माणसाचं आश्चर्य, काळजी, 'अगंबाई' म्हणताना वर जाणाऱ्या भुवया अवलंबून असतात हे बघून थक्क होते.

तुमच्या नणंदेचं हेच झालं असावं. इथे नस तुटलेली नसते, बहुधा चेंगरते किंवा आजूबाजूच्या सुजेनं दबते, आणि मग काही आठवड्यांत, काही महिन्यांत परत येते. गालातल्या नसांना एकमेकींत फाटे असतात, एक दुखावली तर दुसरी काम सांभाळून घेते. भुवईच्या नसेला आणि खालच्या ओठाच्या नसेला असे शेजारी फार कमी. म्हणून त्या दोघींना जपायचं. नणंदेला एक जरूर विचारा : त्याच दिवशी कपाळावर बोटॉक्सही, म्हणजे स्नायू काही महिने सैल करणारं इंजेक्शन, दिलं होतं का? बोटॉक्सनंही भुवई अशी मंदावते आणि दोन-चार महिन्यांत सुटते. तसं असेल तर दोष धाग्याचा नसेल. काहीही असलं तरी त्यांना दोन महिने 'होईल, होईल' म्हणत घरी बसवून ठेवलं असेल, तर ते मला खटकतं.

पुन्हा आरसा. दात घट्ट आवळा. गालात कडक होतो तो चावण्याचा स्नायू. त्याच्या पुढच्या कडेवरून, गालाच्या हाडाच्या बोटभर खाली, बोट वरखाली फिरवा. बारीक दोरीसारखं काहीतरी बोटाखाली गडगडेल. लगेच नाही लागलं तर दोनदा-तीनदा करून बघा. ती लाळेची नळी. गालगुंड झालं की कानाखाली फुगते ना, त्या पॅरोटिड ग्रंथीतून ही साधारण पाच सेंटिमीटरची नळी निघते, स्नायू ओलांडते, आत वळते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तोंडात उघडते. धागा खोल जाऊन ग्रंथीला किंवा या नळीला भोक पडलं तर लाळ गालातच साठते. लक्षण अगदी ओळखू येण्यासारखं : जेवायला बसलं की गाल फुगतो, लोणच्याची फोड जिभेला लागली की जास्तच, आणि जेवण झाल्यावर हळूहळू उतरतो. कित्येक जण याला साधी सूज समजून बर्फ लावत बसतात.

आणखी एक ठिकाण. दात आवळलेलेच ठेवा आणि त्या स्नायूच्या पुढच्या कडेशी, जबड्याच्या खालच्या काठावर बोट दाबा. तिथेही ठोके लागतील. चेहऱ्याची मोठी रोहिणी मानेतून काठ ओलांडून इथे वर येते. खालचा ओठ खाली ओढणारी नस इथेच तिला आडवी ओलांडते. डिंगमन आणि ग्रॅब यांनी १९६२मध्ये चेहऱ्याच्या १०० अर्ध्या बाजू उघडून बघितल्या. रोहिणीच्या मागच्या भागात १९ बाजूंमध्ये ही नस जबड्याच्या काठाखालून, मानेच्या हद्दीतून गेलेली सापडली; बाकीच्यांत काठाच्या वर. म्हणजे पुस्तकातल्या चित्रावर भरवसा ठेवून चालत नाही. तुमची नस कुठे आहे हे कोणालाच बाहेरून सांगता येत नाही, म्हणून त्या सगळ्या पट्ट्यात वरच्या थरात राहायचं, हा एकच उपाय. आणि तुम्हाला तर जबड्याची रेघच हवी आहे, म्हणजे धागे नेमके इथूनच जाणार.

मानेच्या धाग्यांबद्दल तीनच वाक्यं. कानाच्या पाळीला संवेदना देणारी नस मानेच्या बाजूच्या जाड स्नायूवरून, एका ठळक निळ्या शिरेच्या शेजारून वर जाते. तिला धक्का बसला की पाळी बधिर होते, कानातल्याची फिरकी घट्ट बसली की सैल राहिली ते कळत नाही. मानेला धाग्यांनी फार काही मिळत नाही असा माझा अनुभव आहे, त्यामुळे तेवढ्यासाठी हा धोका मी घेत नाही.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल, मग हे करतंच का कोणी? करतात, आणि नीट निवडलेल्या चेहऱ्यावर, नीट हातांनी केलं तर बऱ्याचदा काही बिघडत नाही. मीही करते. काटेरी धाग्यांची कल्पना १९९०च्या दशकात रशियात काम करणाऱ्या मार्लेन सुलामानिद्झे या सर्जननी पुढे आणली. त्यांचे धागे पॉलिप्रोपिलीनचे, न विरघळणारे. आता बहुतेक ठिकाणी पीडीओचे, विरघळणारे धागे वापरतात. हा पदार्थ शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी १९८०च्या दशकापासून वापरात आहे आणि शरीरात साधारण सहा ते आठ महिन्यांत विरघळतो. पीएलएलए आणि पीसीएल नावाचे धागे त्याहून जास्त टिकतात. धाग्यावर बारीक काटे किंवा शंकू असतात, ते चरबीतल्या पडद्यांना अडकतात आणि ओढल्यावर गाल थोडा वर सरकतो. कॅन्युला आत जाताना ते पडदे कर्रकर्र वाजतात; भूल दिलेली असते म्हणून दुखत नाही, पण कानाजवळ तो आवाज ऐकून पेशंट दचकतात. आधी सांगितलेलं असलं की दचकत नाहीत.

पण धागा सरकवतो, कापत नाही आणि भरतही नाही. चेहऱ्याची कातडी काही ठिकाणी अस्थिबंधांनी थेट हाडाला खिळलेली असते, गालाच्या हाडावर, हनुवटीच्या बाजूला. धागा ते खिळे सोडवू शकत नाही. वजन उतरल्यावर जी कातडी शिल्लक उरते तिला धाग्यानं वर ओढलं की ती कानाजवळ गोळा होते, चुणी पडते. ज्यांची कातडी थोडीशी सैल आहे आणि गाल अजून भरलेले आहेत त्यांना धाग्याचा उपयोग. १४ किलो उतरवलेल्या ५४ वर्षांच्या गालाला त्याचा उपयोग थोडा, आणि तोही काही महिन्यांपुरता. हे सेंटरनं तुम्हाला सांगायला हवं होतं. न्याहाळून 'तुम्हाला याचा फायदा नाही' असं सांगता येणं, यासाठीच डॉक्टरला फी असते.

तारखेचंही बघा. धागे घातल्यावर दोन-तीन आठवडे तोंड मोठं उघडायचं नाही, कडक चावायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही, चेहरा चोळायचा नाही, दाताचं काम काढायचं नाही. लग्नघरात हे जमेल? केळवणं सुरू होतील, रोज कुणाकडे तरी जेवण, गप्पा, हसणं. हळदीच्या दिवशी नवरीला लावून झाली की हळद आईच्या गालालाच येते, आणि बायका काही हलक्या हातानं लावत नाहीत. आता केलंत तर हळदीपर्यंत धागे धरलेले असतील, ते खरं. पण खळी पडली, एक बाजू वर राहिली, टोक कातडीतून डोकावलं, तर ती दुरुस्त करायला जे आठवडे लागतात ते तुमच्याकडे नाहीत. त्यात साखर आहे. जंतू लागले तर साखरेत ते लवकर आटोक्यात येत नाहीत, आणि क्षयाच्या जंतूंच्या भावकीतले काही जंतू असे आहेत की ते धाग्याला धरून राहतात, काही आठवड्यांनी गाठ होऊन वर येतात आणि महिनोन् महिने औषधं घ्यायला लावतात. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, ८च्या वर असेल तर अशी हौसेची प्रोसिजर मी हातात घेत नाही. तुमचा आकडा पत्रात नाही. तो त्या सेंटरमध्ये तरी कोणी विचारला का?

तेव्हा माझं उत्तर : लग्नाआधी करू नका. त्या सेंटरमध्ये तर लग्नानंतरही नको.

लग्न आटोपल्यावर, मुलगी मांडवपरतणीला येऊन गेल्यावर, तरीही मनात असेल तर त्वचारोगात एमडी किंवा प्लास्टिक सर्जरीत एमसीएच अथवा डीएनबी झालेल्या माणसाकडे जा. भिंतीवर वीकेंडच्या कोर्सची प्रमाणपत्रं कितीही लावलेली असोत, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा; तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मग एकच प्रश्न विचारा : 'धागा कोणत्या थरातून जाणार, आणि माझ्या चेहऱ्यावर तो थर किती जाड आहे?' जो खरोखर हे काम जाणतो तो तुमच्या गालाला चिमूट घेईल, तुम्हाला दात आवळायला लावेल, ठोके शोधेल, आणि बोलता बोलता तुमच्याच चेहऱ्यावर सगळं दाखवेल. हा प्रश्न आवडणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. ज्याला राग येईल किंवा जो 'त्याची काळजी तुम्ही करू नका' म्हणेल, तिथून उठा.

खुणा बसवूनच काढायला सांगा. आडवं पडलं की गाल कानाकडे वाहतात आणि सगळी रेघ बदलते. झोपवून खुणा करणाऱ्याला तुमचा उभा चेहरा माहीतच नसतो. शक्यतो बोथट कॅन्युला असावी, टोकदार सुई फक्त शिरायचं भोक पाडण्यापुरती. धाग्याचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं. त्यावर कंपनी, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते, ते लेबल तुमच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या. आणि त्याच बैठकीत 'फिलरही भरून टाकू' म्हणाले तर नाही म्हणा. फिलर म्हणजे गाल भरायला टोचतात ते जेल; ते चुकून रोहिणीत गेलं तर डोळ्याचा रक्तपुरवठासुद्धा बंद पडू शकतो. तो वेगळा विषय आहे आणि त्यासाठी वेगळा दिवस हवा.

करून आल्यावर कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हेही लिहून ठेवा. थोडी सूज, काळंनिळं, हसताना ओढल्यासारखं वाटणं हे आठवडा-दोन आठवडे चालतं. भुलीच्या इंजेक्शननं नसही काही तास झोपते, त्यामुळे टेबलावरून उठल्यावर ओठ जरा वाकडा दिसला तर लगेच धसका घेऊ नका. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ओठाच्या एका कोपऱ्यातून गळत असेल, एक भुवई वर जात नसेल, डोळा पूर्ण मिटत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकच गाल भराभर फुगून दगडासारखा कडक होत असेल तर सकाळची वाट न बघता जा, रात्र असली तरी. जेवताना गाल फुगणं मी वर सांगितलंच. लाली वाढत जाणं, पू, ताप, किंवा महिन्यानंतर उठलेली गाठ, यासाठीही धागा घालणाऱ्यानंच तुम्हाला बघितलं पाहिजे, फोनवर फोटो मागून नव्हे. नस दबली असेल आणि एखादा विशिष्ट धागा कारण असेल तर तो लवकर काढता येतो. दोन महिन्यांनी काढून तेवढा उपयोग होत नाही.

हे मी भीती घालायला लिहिलं नाही. मुलीच्या लग्नात छान दिसावंसं वाटतं, त्यात काही चूक नाही. मला भेटायला येणाऱ्या कित्येक आया हे अर्ध्या आवाजात, अपराध्यासारखं सांगतात, आणि मला दर वेळी वाईट वाटतं. साखर झाल्यावर तुम्ही दोन वर्षं चिकाटीनं स्वतःकडे बघितलंत, आता चेहऱ्याकडेही बघावंसं वाटतंय, हे साहजिकच आहे. सात आठवड्यांत त्वचारोगतज्ज्ञांकडून सनस्क्रीन आणि रात्री लावायचं साधं क्रीम घेतलंत, साखर आवरून धरलीत, पाणी आणि झोप सांभाळलीत, आणि लग्नाच्या दिवशी एखाद्या चांगल्या मेकअपवालीला जबड्याची रेघ काढायला सांगितलीत, तर फोटोत जो फरक दिसेल तो या धाग्यांनी दिसला असता त्याहून कमी नसेल. आणि पुढे कधी खरंच कातडी कमी करावीशी वाटली तर फेसलिफ्टची शस्त्रक्रिया हा खरा उपाय आहे. मोठी आहे, महाग आहे, हृदयाच्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय होणार नाही, पण निदान ती तुमच्या प्रश्नाला धरून आहे.

सेंटरला उद्याच फोन करून रद्द करा आणि ॲडव्हान्स मागा. कारण विचारलं तर हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी बंद करायला नाही सांगितलंय एवढंच म्हणा, जास्त वाद घालू नका. दिला परत तर ठीक. नाहीच दिला तर लग्नाच्या खर्चाच्या वहीत ५,००० रुपये लिहून टाका आणि पुढची कामं बघा.